पिशवीवरची पंगत

खोपोलीला पाताळगंगेत टाकलेली दुधाची पिशवी पुढे जाते कुठे? खालापूर तालुका ओलांडून ती धरमतरच्या खाडीला लागते. कर्जतची पिशवी उल्हास नदीबरोबर वसईच्या खाडीत. घाटाखाली राहणारी आम्ही मंडळी समुद्राचे शेजारी आहोत ती अशी!

मी रसायनशास्त्राचा शिक्षक. मला पिशवीपेक्षा तिला चिकटून जाणाऱ्या पाहुण्यांचे कुतूहल अधिक. लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या डब्याचा वास कितीही घासला तरी जात नाही, हा प्रत्येक गृहिणीचा अनुभव. तेलकट पदार्थ प्लॅस्टिकला धरून बसतात. डी.डी.टी.ही त्याच जातीचे. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. २००१ साली जपानी शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या प्लॅस्टिकच्या गोळ्या तपासल्या, तेव्हा डी.डी.टी.पासून बनणारे डी.डी.ई. त्यांत भोवतालच्या पाण्याच्या लाखो पटींनी साठलेले आढळले.

हे डी.डी.टी. आपल्याला परके नव्हे. १९५३ साली सुरू झालेल्या हिवतापविरोधी मोहिमेत ते घरोघर भिंतींवर फवारले गेले आणि असंख्य जीव वाचले. पुढे ते खालापूर तालुक्यातल्या रसायनीलाही तयार होत असे. टिकाऊपणा हा त्याचा गुण, दोषही तोच.

आता गंमत पाहा. समुद्रात तरंगणाऱ्या पिशवीवर लवकरच बुळबुळीत थर चढतो. हा जिवाणूंचा संसार! त्यांतले काही प्लॅस्टिक मऊ ठेवणारी थॅलेट नावाची रसायने चक्क खातात. डी.डी.टी. मात्र सहजी पचत नाही. त्याच्या रेणूत क्लोरिनचे पाच अणू असतात. एखादा जिवाणू त्यांतला एक काढतो आणि तिथेच हात आखडतो. उरते ते डी.डी.डी. नाहीतर डी.डी.ई., आणि हे डी.डी.ई. मुळाइतकेच चिवट. जुना वाडा उतरवताना कौले काढणारा वेगळा, भिंती पाडणारा वेगळा, तसे पुढचे काम दुसऱ्या जातीकडे. त्यातही क्लोरिन सोडवणारे पुष्कळ जिवाणू प्राणवायू नसलेल्या गाळात रमतात, तर रेणूची कडी फोडणाऱ्यांना बहुधा प्राणवायूच हवा. दोघांची गाठ एका पिशवीवर पडायची कशी?

म्हणून ‘समुद्रात जिवाणू सोडा, सारे स्वच्छ होईल’ असे कुणी म्हटले की मला हसू येते. प्रयोगशाळेतल्या बाटलीत त्यांना ऊब मिळते, खाद्य मिळते, आयते विष समोर येते. समुद्रात थंडी, उपासमार आणि लाटा. पंगत बसते खरी, पण पान संपायला वर्षे लागतात. आणि दर पावसाळ्यात पाताळगंगा नवी पाने मांडतच असते.