नियमाचा शोध आणि अपवादाचे स्थान : तीन ज्ञानशाखांतील संशोधनप्रक्रियेचा विचार

प्रस्तावना :

ज्ञानशाखा कोणतीही असो, केवळ माहितीचा संग्रह करून संशोधकाचे कार्य संपत नाही. विखुरलेल्या माहितीच्या मुळाशी असलेला नियम शोधणे हे त्याचे खरे कार्य होय. ग्रहांच्या स्थानांच्या नोंदी, निरनिराळ्या भाषांतील शब्द आणि जमिनीतून मिळालेली नाणी यांच्यात वरवर पाहता काहीच साम्य नाही. तरीही या तिन्ही प्रकारच्या सामग्रीतून नियम कसा हाती आला, हे पाहिले असता संशोधनप्रक्रियेतील विलक्षण साम्य नजरेस येते.

भरपूर सामग्री जमविली की नियम आपोआप दिसू लागतो, असा एक समज रूढ आहे. संशोधनाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. अनेक महत्त्वाचे नियम नेमके तेथे सापडले आहेत, जेथे सामग्री अपेक्षेशी जुळत नव्हती आणि संशोधकाने ते न जुळणे झाकून ठेवले नाही. प्रस्तुत लेखात खगोलशास्त्र, भाषाशास्त्र आणि नाणकशास्त्र यांतील प्रत्येकी एका उदाहरणाच्या आधारे या मुद्द्याचे विवेचन केले आहे.

१. खगोलशास्त्र : आठ कलांचा फरक

डॅनिश खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे याने दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वी, केवळ मोठ्या कोनमापक उपकरणांच्या साहाय्याने ग्रहस्थानांच्या नोंदी केल्या. त्यांतील चूक सामान्यतः १ ते २ कलांपेक्षा अधिक नसे. (१ अंशाचा साठावा भाग म्हणजे १ कला.) १६०० मध्ये योहान्नेस केप्लर त्याचा सहकारी झाला आणि मंगळाची कक्षा ठरविण्याचे काम त्याच्याकडे आले. १६०१ मध्ये ब्राहेचे निधन झाल्यावर या नोंदी केप्लरच्या हाती राहिल्या.

ग्रह वर्तुळातच फिरतात, हे गृहीतक त्या काळी जवळजवळ सर्वमान्य होते. केप्लरनेही आरंभी तेच स्वीकारले. पुन:पुन्हा आकडेमोड करून त्याने अशी रचना सिद्ध केली की, मंगळ सूर्याच्या समोर असतानाची त्याची स्थाने नोंदींशी २ कलांच्या आत जुळली. परंतु ग्रहाचे सूर्यापासूनचे अंतर विचारात घेऊन रचना दुरुस्त करताच काही स्थानी ८ कलांपर्यंत फरक पडू लागला. पूर्णचंद्राचा व्यास सुमारे ३० कला असतो, हे लक्षात घेतल्यास हा फरक किती सूक्ष्म होता याची कल्पना येते.

पूर्वीच्या खगोलशास्त्रज्ञांना एवढा फरक दुर्लक्षणीय वाटला असता. केप्लरला मात्र ब्राहेच्या नोंदींची अचूकता ठाऊक होती. २ कलांपलीकडे सहसा न चुकणारा निरीक्षक ८ कलांनी चुकला असेल, असे मानणे त्याला अप्रामाणिकपणाचे वाटले. त्याने नोंदी कायम ठेवल्या आणि अनेक वर्षांच्या श्रमांनी उभी केलेली रचना टाकून दिली. त्यातूनच पुढे ग्रह लंबवर्तुळात फिरतात हा नियम निष्पन्न झाला. तो १६०९ मध्ये प्रसिद्ध झाला. १६८७ मध्ये न्यूटनने गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्ताद्वारे त्याची कारणमीमांसा केली.

२. भाषाशास्त्र : अपवादांमागील नियम

१८२२ मध्ये याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकाने जर्मानिक भाषांतील ध्वनिपरिवर्तनाचा नियम मांडला. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषांत जेथे ‘प’ किंवा ‘त’ आढळतो, तेथे जर्मानिक भाषांत अनुक्रमे ‘फ’ व ‘थ’ यांसारखे घर्षक ध्वनी येतात. संस्कृत ‘पाद’ व इंग्रजी ‘फुट’, संस्कृत ‘त्रि’ व इंग्रजी ‘थ्री’ या जोड्या या दृष्टीने परिचित आहेत.

या नियमाला अपवादही पुष्कळ होते. संस्कृत ‘भ्रातृ’ आणि ‘पितृ’ या दोन्ही शब्दांत ‘त’ हाच ध्वनी आहे. गॉथिक या प्राचीन जर्मानिक भाषेत ‘भ्रातृ’शी संबंधित शब्दात अपेक्षेप्रमाणे ‘थ’सदृश ध्वनी येतो, परंतु ‘पितृ’शी संबंधित शब्दात ‘द’ येतो. एकाच ध्वनीची ही दोन परिणती कशामुळे झाली? भाषा ही माणसांच्या सवयीची बाब असल्याने तिच्यात अशी अनियमितता असावयाचीच, असे म्हणून हा प्रश्न सोडून देणे सोपे होते.

कार्ल व्हेर्नर या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने तो सोडून दिला नाही. अपवाद जर मोठ्या संख्येने असतील, तर त्यांच्यामागेही नियम असला पाहिजे, ही त्याची भूमिका होती. या नियमाचे उत्तर त्याला वैदिक संस्कृतमधील स्वराघातात सापडले. ‘भ्रातृ’ या शब्दात उदात्त स्वर पहिल्या अक्षरावर आहे, म्हणजे ‘त’च्या आधी आहे. ‘पितृ’ या शब्दात तो ‘त’च्या नंतर येतो. पूर्वीचे अक्षर आघातरहित असेल, तर शब्दाच्या आतील घर्षक ध्वनी घोष होतो, असा नियम त्याने मांडला. तो १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच क्रियापदाच्या निरनिराळ्या रूपांत आढळणारे काही ध्वनिभेदही त्याच नियमाने उलगडले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. पुढे जर्मानिक भाषांत आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर स्थिर झाला. त्यामुळे ध्वनिभेदाचे कारण त्या भाषांतून नाहीसे झाले आणि परिणाम तेवढा उरला. वैदिक परंपरेने स्वरांचे काटेकोर जतन केले नसते, तर हे कारण शोधणे अतिशय कठीण झाले असते.

३. नाणकशास्त्र : झिजेचा हिशेब

तिसरे उदाहरण महाराष्ट्र व गोवा यांच्याशी निगडित आहे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) हे गणितज्ञ होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करीत असताना ते प्राचीन आहत नाण्यांच्या अभ्यासाकडे वळले. चांदीच्या या नाण्यांवर राजाचे नाव किंवा वर्ष नसते, केवळ ठशांच्या खुणा असतात. त्यामुळे त्यांचा कालक्रम लावणे कठीण होते. एकाच प्रकारच्या नाण्यांचे वजनही सारखे भरत नाही.

वजनातील हा फरक म्हणजे केवळ उणीव, असे न मानता कोसंबींनी त्यालाच पुरावा मानले. हातोहात फिरताना नाणे झिजते. एका निधीतील सर्व नाणी एकाच वेळी पुरली गेलेली असतात. म्हणून त्यांतील जे नाणे अधिक काळ चलनात होते, ते सरासरीने अधिक हलके असले पाहिजे. एकेका नाण्याबाबत असे निश्चित विधान करता येत नाही, कारण प्रत्येक नाण्याचा प्रवास निराळा असतो. नाण्यांच्या समूहाबाबत मात्र सरासरी वजन काळानुसार घटत जाते आणि वजनांतील विखुरण वाढत जाते. साल कोरलेल्या प्रचलित नाण्यांची वजने करून त्यांनी हे तत्त्व पडताळून पाहिले.

तक्षशिलेच्या निधींतील नाण्यांना ही कसोटी लावली असता, नाण्याच्या मागील बाजूवर जितके बारीक ठसे अधिक, तितके सरासरी वजन कमी, असा संबंध दिसून आला. हे ठसे चलनकाळात वेळोवेळी उमटविले गेले असावेत, या अनुमानाला त्यामुळे बळ मिळाले आणि नाण्यांच्या गटांचा क्रम लावण्याचे साधन उपलब्ध झाले. कोणते गट कोणत्या राजांचे, याविषयी पुढील अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु झिजेचा हिशेब हा इतिहासाचा पुरावा होऊ शकतो, हे कोसंबींनी दाखवून दिले.

४. तिन्ही उदाहरणांतील समान सूत्र

वरील उदाहरणांतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सामग्रीच्या अचूकतेची जाण. ब्राहेच्या नोंदी १० कलांनी चुकणाऱ्या असत्या, तर ८ कलांच्या फरकाला काहीच अर्थ उरला नसता. प्रत्येक विसंगती महत्त्वाची नसते. काही विसंगती म्हणजे निव्वळ चुका असतात. कोणती चूक आणि कोणता अपवाद, हे ठरविण्यासाठी मोजमापाची मर्यादा माहीत असावी लागते.

दुसरी, आरंभीच्या नियमाचा काटेकोरपणा. ग्रिमचा नियम ढोबळ असता, तर त्याचे अपवाद दिसलेच नसते. जे विधान चुकीचे ठरूच शकत नाही, त्याच्यापासून पुढील शोधाची वाट निघत नाही.

तिसरी, अन्य शाखेची मदत. केप्लरच्या उपयोगी पडलेल्या लंबवर्तुळाचा अभ्यास ग्रीक गणिती अपोलोनियसने कित्येक शतके आधी केला होता. व्हेर्नरला वैदिक स्वरांनी आणि नाण्यांच्या अभ्यासाला संख्याशास्त्राने साहाय्य केले. तिन्ही ठिकाणी अपवादाचे स्पष्टीकरण सामग्रीच्या नेहमीच्या चौकटीबाहेरून आले.

५. जुळणाऱ्या आकड्यांचा मोह

केवळ आकडे जुळले म्हणजे नियम सापडला, असेही नव्हे. टिटियस (१७६६) व बोडे (१७७२) यांच्या नावाने ओळखले जाणारे ग्रहांच्या अंतरांचे सूत्र या दृष्टीने उद्बोधक आहे. १७८१ मध्ये सापडलेला युरेनस आणि १८०१ मध्ये सापडलेला सेरेस या सूत्रात चपखल बसले. त्यामुळे त्यावरील विश्वास दृढ झाला. १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. पृथ्वी-सूर्य अंतर १ मानल्यास सूत्रानुसार त्याचे अंतर ३८.८ हवे होते, प्रत्यक्षात ते सुमारे ३०.१ भरले. त्या सूत्राला कारणमीमांसेचा आधार नव्हता. दोन अनुकूल पुराव्यांनी जे दिले, ते एका प्रतिकूल पुराव्याने काढून घेतले.

समारोप :

या विवेचनाचा महाविद्यालयीन संशोधनाशी निकटचा संबंध आहे. गृहीतक मांडावे, प्रश्नावली भरून घ्यावी आणि शेवटी गृहीतक सिद्ध झाले असे नोंदवावे, या क्रमाची सवय झाली की न जुळणाऱ्या नोंदी अडचणीच्या वाटू लागतात. त्या वगळल्या जातात किंवा तक्त्यातील ‘इतर’ या रकान्यात जाऊन पडतात आणि त्यांची चर्चा होत नाही. गृहीतक खोटे ठरणे हे संशोधनाचे अपयश नाही, ही जाणीव मार्गदर्शकांनी विद्यार्थ्यांना प्रथम करून दिली पाहिजे. केप्लरची वर्तुळाकार रचना फसली, म्हणूनच लंबवर्तुळाचा मार्ग खुला झाला.

म्हणून प्रबंधाचे परीक्षण करताना किती नोंदी गृहीतकाशी जुळल्या, याबरोबरच ज्या जुळल्या नाहीत त्यांचे संशोधकाने काय केले, हा प्रश्नही आवर्जून विचारला गेला पाहिजे. त्याचे उत्तर देण्यासाठी विद्यार्थ्याला प्रसंगी शेजारच्या विभागातील प्राध्यापकाकडे जावे लागेल. आंतरविद्याशाखीय अभ्यासाची खरी गरज तेथेच निर्माण होते.