हरण्याचं काम

गणेशोत्सवातल्या नाटकांत मी बरीच वर्षं सावकार, गुंड, कपटी मामा असलेच धंदे केले. त्यामुळे मारामारीच्या सिनेमात माझं लक्ष मार खाणाऱ्याकडे असतं. त्या हिशेबाने हाँगकाँगचा शेक किन हा माझा माणूस.

‘एंटर द ड्रॅगन’ पाहिलेल्यांना तो आठवेल. तुटक्या हाताच्या जागी पोलादी नखांचा पंजा बसवणारा, आरशांच्या खोलीत ब्रूस लीला झुलवणारा हान. १९७३ साली ब्रूस ली बत्तिशीचा, तर किन साठीचा. उघड्या मैदानात ही झुंज दोन मिनिटांत आटोपली असती. ती तेवढी रंगली ती आरशांमुळे, असं माझं मत. आवाज मात्र त्याचा नव्हे. इंग्रजी फारसं येत नसल्याने त्याचे संवाद की ल्यूक या चिनी वंशाच्या अमेरिकी नटाने म्हटले.

हाँगकाँगच्या लोकांना मात्र किन या सिनेमाच्या किती तरी आधीपासून ठाऊक होता. जन्म १९१३चा, ग्वांगडाँग प्रांतातल्या पानयूचा. चिन वू या नामांकित आखाड्यात तयार झालेला, आणि १९४०मध्ये सिनेमात शिरला तो रंगभूषेचा उमेदवार म्हणून. पुढे १९४९मध्ये वाँग फेइ-हुंग या फोशानच्या वैद्य-उस्तादावर चित्रपटमाला सुरू झाली. ती इतकी चालली, की एकट्या १९५६मध्ये तिचे २५ चित्रपट निघाले! नायक क्वान ताक-हिंग. समोर बहुतेकदा किन. नाव दर वेळी वेगळं, नियत तीच. शेवटी मार खायचा, आणि वाँग उस्ताद उदार असल्याने पुष्कळदा माफीही मिळायची. लोक त्याला ‘दुष्ट किन’च म्हणू लागले. आपल्याकडे निळूभाऊ फुल्यांच्या वाट्याला आलं तेच.

यातली मेख वयात आहे. क्वान किनपेक्षा आठ वर्षांनी मोठा. पन्नाशी ओलांडलेला नायक अजिंक्य वाटायला हवा, तर तोल जायचा तो खलनायकाचा, आणि तोही नेमक्या क्षणी. ठोसा लागण्याआधीच पडलात, तर पिटातली पोरंसुद्धा हसतात. उशिरा पडलात, तर नायक लुळा दिसतो. दोघेही खरी कुंग फू जाणणारे, म्हणून ते जमलं. लीच्या वेळी मात्र पारडं फिरलं. आता म्हातारा होता तो खलनायक.

पुढे त्याने आपल्याच दुष्टपणाची गंमत करायला घेतली. १९७६च्या ‘द प्रायव्हेट आइज’मध्ये त्याची टोळी थेट सिनेमागृहातल्या प्रेक्षकांनाच लुटते. १९८०मध्ये जॅकी चॅनच्या ‘द यंग मास्टर’मध्ये तो चक्क म्हातारा पोलीस अधिकारी झाला, जॅकीला भलताच गुन्हेगार समजून त्याच्या मागे लागलेला. २००९मध्ये, ९६व्या वर्षी तो गेला. त्याचा खलनायक पाहायचा असेल तर हान आहेच. पण मला विचाराल, तर आधी हा पोलीस पाहा.