ओलीस कोणाला म्हणावे?

३० ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत पवईच्या एका स्टुडिओत ऑडिशनसाठी बोलावलेल्या १७ मुलांना एका इसमाने डांबून ठेवले. त्या वेळी मी इंदूरला नात्यातल्या एका घरी उतरलो होतो. राजवाड्याकडून नदी ओलांडली की जुनी इंदूर लागते. होळकरांच्या आधीची, मंडलोई जमीनदारांची ही वस्ती. घर तीन पिढ्यांपासून तिथले, बोली अजून मराठी. दूरदर्शनसमोर बसलेला भाचा म्हणाला, "मामा, बच्च्यांना बंधक बनवलंय." त्याची आई म्हणाली, "अपहरण झालंय." आजीबाईंनी "पळवली का हो पोरं?" असे विचारले. ओलीस हा शब्द कोणाच्याही तोंडी आला नाही.

पाहायला गेले तर पळवून कोणी नेलेच नव्हते. मुले आपल्या पायांनी तिथे गेली होती. त्या इसमाने चित्रफितीतून सांगितले, मला पैसे नकोत, काही जणांशी बोलायचे आहे. शिक्षण खात्याच्या एका योजनेतले आपले येणे थकले, ही त्याची तक्रार. मुले सुखरूप सुटली आणि तो पोलिसांच्या गोळीने मेला. मुलांशी त्याचे काहीच वैर नव्हते. त्याला नमवायचे होते ते बाहेरच्यांना. ओलीस या शब्दाचे मर्म इथेच आहे. यात तिघे लागतात : धरणारा, धरलेला, आणि ज्याच्याकडून काही करून घ्यायचे तो तिसरा. तिसरा नसेल तर तो माणूस कैदी असेल, डांबलेला असेल, ओलीस नव्हे.

शब्द जुना आहे. मूळ 'ओल', म्हणजे जामीन म्हणून ठेवलेला माणूस. 'वेठ'चे जसे 'वेठीस धरणे' झाले, तसे 'ओलीस ठेवणे'. पुढे विभक्तीचा प्रत्यय अंगालाच चिकटला आणि 'ओलीस' हेच नाम होऊन बसले. जुन्या हिंदीतही ओल होता, पण आजच्या हिंदीत त्याची जागा 'बंधक'ने घेतली. कन्नडात 'ओत्तेयाळु' म्हणतात. ओत्ते म्हणजे गहाण, आळु म्हणजे माणूस. आपल्या गावांतल्या वाचकांना हे फोड करून सांगायला नको.

पूर्वी ओलीस हा गुन्हा नव्हता, रीत होती. १६६५ च्या पुरंदरच्या तहानंतर ठरलेले किल्ले ताब्यात येईपर्यंत आठ वर्षांचे संभाजीराजे मिर्झाराजांच्या छावणीत ओलीस राहिले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर यांच्या फौजांनी इंग्रजांना कोंडले. तह झाला आणि इंग्रजांनी फार्मर व स्टुअर्ट हे आपले दोन माणूस महादजींकडे ओलीस ठेवले. मुंबई-कलकत्त्याच्या इंग्रजांनी तह धुडकावला. ओलिसांच्या जिवावर बेतावे असाच तो प्रकार, पण महादजींनी दोघांना पुढे सोडून दिले. तेव्हा ओलीस 'दिला' जाई. आज तो 'धरला' जातो. क्रियापद बदलले आणि रीतीचा गुन्हा झाला.

खंडणीचेही तेच. माळव्यातून मराठे घेत ती खंडणी ठरवून, खंडून घेतलेली रक्कम असे, तिचा जमाखर्च दप्तरात लागे. आज खंडणी म्हटले की गुंडाचा फोन आठवतो. हिंदीत तिला फिरौती म्हणतात, आणि इंदूरची मराठी मंडळीही आता फिरौतीच म्हणतात. याच शहरात १९१७, १९३५ आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलन भरले. असो.

बंधक शब्दाला माझा विरोध तो हिंदी आहे म्हणून नाही. तो सैल आहे म्हणून आहे. हिंदी पत्रांत मारहाण करायला खोलीत कोंडले तरी बंधक, भट्टीवर मजूर अडकवले तरी बंधक, बँकेकडे घर गहाण पडले तरी बंधक. आता आपली मराठी पत्रेही 'कुटुंबाला ओलीस ठेवून दरोडा' असे छापू लागली आहेत. दरोडेखोरांनी घरच्यांचे हातपाय बांधून कपाट फोडले, तर त्यात ओलीस कोण? पण मुलाच्या गळ्याला सुरी लावून बापाकडे किल्ल्या मागितल्या, तर ते मूल मात्र ओलीस झाले.

हा फरक केवळ शब्दांचा कीस नाही. कायद्याने तो मानला आहे. १८६० च्या दंडसंहितेत पळवून नेण्याची कलमे होती, पण तिसऱ्याला नमवण्यासाठी माणूस धरणे हा वेगळा गुन्हा १९९३ साली ३६४-अ या कलमाने झाला. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तो कलम १४० मध्ये आहे. पैसाच मागितला पाहिजे असे नाही. सरकारला किंवा कोणालाही काही करायला अथवा न करायला भाग पाडणे पुरते. उलट नुसते डांबून ठेवण्याला, कलम १२७ प्रमाणे, साधारणपणे एक वर्षापर्यंतच कैद आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणाच्या एका खटल्यात सांगितले की, पळवले आणि पैसे मागितले एवढ्याने भागत नाही; जिवाची वा इजेची धमकी, निदान तशी रास्त भीती, सिद्ध व्हावी लागते. ती झाली नाही म्हणून आरोपीची त्या कलमातून सुटका झाली.

३० जुलै २००० रोजी वीरप्पनने गाजनूरहून अभिनेते राजकुमार यांना नेले आणि १०८ दिवस जंगलात ठेवले. आपण सगळ्यांनी त्याला अपहरण म्हटले. ते खरे, पण अर्धेच. मागण्या होत्या कर्नाटक आणि तामिळनाडू सरकारांकडे. तमिळला कर्नाटकात दुसरी प्रशासकीय भाषा करा, ही त्यांतली एक. राजकुमार यांच्याकडे मागण्यासारखे त्यात काहीच नव्हते.

आता आपल्या गावांचे. समितीच्या कामात कन्नडात लिहिलेली फिर्याद मराठी माणसाला समजावून देण्याची पाळी माझ्यावर अनेकदा येते. इंदूरच्या आमच्या नातेवाइकांची अडचण तीच, फक्त तिथे लिपी ओळखीची असल्याने ती जाणवत नाही. तिथल्या कायद्याच्या हिंदीत अल्पवयीनाला पालकाच्या ताब्यातून नेणे म्हणजे 'व्यपहरण' आणि जबरीने वा फसवून कोणालाही नेणे म्हणजे 'अपहरण'. घरात मराठी बोलणाऱ्याला हे कोण सांगणार? म्हणून ठाण्यात मोठा शब्द शोधू नये. कोणाला नेले किंवा अडवले, कोणी, धमकी काय दिली आणि नेमक्या कोणत्या शब्दांत, मागणी कोणाकडे केली, हे आपल्या बोलीत क्रमाने सांगावे. धमकीचे शब्द तर जसेच्या तसे लिहून घ्यायला लावावेत. लिहिलेली फिर्याद सही करण्यापूर्वी वाचून दाखवली गेली पाहिजे, आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये दोन्ही गोष्टी आहेत. भाषा कळत नसेल तर कळणारा माणूस बरोबर न्यावा आणि तो वाचेपर्यंत अंगठाही देऊ नये.