वीस मीटरची खूण

फिर्यादीतले वाक्य बहुतेक ठिकाणी सारखेच असते: आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने चालवून फिर्यादीच्या मोटारसायकलीस धडक दिली. पुढे दुखापतीचे वर्णन येते. मांडीचे हाड मोडले, दोन शस्त्रक्रिया झाल्या, मांडीत सळी बसवली. दोषारोपपत्रातली सर्वांत जाड पाने दवाखान्याची असतात. तालुका न्यायालयात टेम्पोचालकाची बाजू मांडणाऱ्या वकीलबाई ती पाने नीट वाचतात आणि बाजूला ठेवतात. हाड मोडले हे निर्विवाद आहे. ते कोणाच्या कशा चालवण्याने मोडले, हे सरकारी पक्षाने सिद्ध करायचे आहे.

१ जुलै २०२४ पासून अशा खटल्यांत भारतीय न्याय संहितेची कलमे लागतात. बेदरकार चालवण्यासाठी २८१, जबर दुखापतीसाठी १२५(ब). यातल्या दुसऱ्या कलमाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन्ही कलमे जामीनपात्र. खरी धास्ती असते ती पोलिसांनी ११० जोडण्याची, म्हणजे सदोष मनुष्यवधाचा प्रयत्न. मग जामीन हक्काने मिळत नाही, खटला सत्र न्यायालयात जातो आणि दुखापत झाली असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत पोचते. म्हणून पहिली लढाई निष्काळजीपणा आणि जाणीव यांच्यातल्या फरकाची. आपल्या कृत्याने कोणी मरू शकेल हे चालकाला ठाऊक होते का?

मुंबईच्या कार्टर रोड प्रकरणात न्यायालयाचे उत्तर ‘होय’ असे आले. नोव्हेंबर २००६ मध्ये दारू प्यायलेल्या चालकाची गाडी पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाच धरून सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध मानून ती तीन वर्षांवर नेली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ते योग्यच झाले. पण दारू नाही, सिग्नल तोडलेला नाही, चुकीच्या बाजूने गाडी नाही, अशा अपघाताला केवळ जखम मोठी म्हणून ११० लावणे हा चालकावर अन्याय आहे.

“मॅडम, मी चाळीसच्या वर नव्हतोच,” चालक सांगतो.

“ते राहू द्या, दादा. पाऊस किती वाजता थांबला ते आठवा.”

कारण घटनास्थळ पंचनाम्यात टायर घासल्याची वीस मीटरची खूण नोंदलेली आहे. रस्ता कोरडा, डांबरी असेल तर एवढ्या खुणेवरून ब्रेक दाबताना वेग ताशी साठच्या आसपास निघतो. तोच रस्ता ओला असेल, तर पंचेचाळीसच्या आसपास. खूण तीच, आकडा वेगळा. आणि रस्ता ओला की कोरडा, याबद्दल पंचनामा गप्प. कच्च्या नकाशात रस्त्याची रुंदी आहे, काचांचा सडा आहे, मोटारसायकल साइडपट्टीपासून किती फुटांवर पडली हेही आहे. पण ती मुख्य रस्त्यावर कुठून आली, ते नाही.

पंच साक्षीला उभा राहतो.

“टेप तुम्ही धरला होता?”

“नाही, हवालदारांनी.”

“रस्ता ओला होता?”

“आठवत नाही.”

“पंचनाम्यात तसं काही लिहिलंय?”

“नाही.”

ही उत्तरे जबानीत शांतपणे टाइप होतात. मग ठरावीक ओळ: ‘हे म्हणणे खरे नाही की, मी पोलीस ठाण्यात बसून पंचनाम्यावर सही केली.’ या नकारापेक्षा आधीचे ‘आठवत नाही’ बचावाला जास्त कामाचे असते. प्रत्यक्षदर्शी येतो आणि म्हणतो, गाडी जोरात होती. जोरात म्हणजे किती, हे त्याला सांगता येत नाही. कर्नाटक सरकार विरुद्ध सतीश या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावरच बोट ठेवले होते: नुसत्या ‘जास्त वेगा’ने बेदरकारपणा सिद्ध होत नाही आणि अपघात झाला म्हणून तो गृहीतही धरता येत नाही.

मोटार वाहन निरीक्षकाच्या अहवालात ब्रेक ठीक असल्याची नोंद असते. तिच्याविरुद्ध फारसे काही करता येत नाही. दारूचा मुद्दा असेल तर शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमची मर्यादा असते आणि नमुना कोणी काढला, सील कुठे झाले, प्रयोगशाळेत कधी पोचला याची प्रत्येक कडी तपासली जाते. सीसीटीव्हीचे चित्रण असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडलेले आहे का, हे पाहावे लागते. चालकाने जखमीला स्वतः दवाखान्यात नेले असेल, तर ते नोंदवहीतून पुढे आणले जाते. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ ते त्याचे कर्तव्यच मानते आणि पळून न जाणे न्यायाधीशांच्या नजरेत भरते.

गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळे व्हा, असा सल्ला न्यायालयाच्या व्हरांड्यात फुकट मिळतो. तो घातक आहे. दोषी ठरल्यावर न्यायालय परवानाही काढून घेऊ शकते आणि टेम्पोचालकासाठी परवाना म्हणजे पोट.

मग जखमीचे काय? त्याची वाट वेगळी आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात निर्विवाद पुरावा लागत नाही; कोणती शक्यता अधिक वाटते, एवढे पाहिले जाते. चालक फौजदारीत सुटला म्हणून भरपाई बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केले आहे. मात्र २०२२ पासून दावा दाखल करण्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली आहे आणि फौजदारी खटले वर्षानुवर्षे चालतात. तो निकाल लागेपर्यंत थांबू, असे ठरवून बसलेल्या जखमीच्या घरच्यांना वकीलबाई, ते समोरच्या बाजूचे असले तरी, आधी न्यायाधिकरणाकडे जायला सांगतात.