निखाऱ्यावर पाण्याचा हिशेब

मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाची नोंद शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (2015) या पुस्तकात केली आहे. त्यात चान्यांचा उल्लेख येतो. मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, दोरीवर टाकून उन्हात वाळवायच्या आणि लागतील तेव्हा निखाऱ्यावर भाजायच्या. सोलापूरला लागून असलेल्या धाराशिवकडची ही रीत फ्रिज नसलेल्या घरांत मांस टिकवण्यासाठी आली. पण मांस भाजण्याचं विज्ञान समजून घ्यायला तिच्याइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही.

वाळलेली पट्टी विस्तवावर पडली की लगेच खरपूस वास सुटतो. ताज्या मटणाच्या फोडीला तोच वास यायला वेळ लागतो, कारण ताज्या मांसाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. आज सोलापुरात अनेक घरांच्या गच्चीवर सुट्टीच्या संध्याकाळी जाळीची शेगडी पेटते. मटण, कोंबडी, मासा सगळं एकाच विस्तवावर चढतं. एक करपतं, एक कच्चं राहतं, एक चामड्यासारखं होतं. दोष बहुतेक वेळा मसाल्याचा नसतो. भाजणं हा पाण्याचा हिशेब आहे: वरचं घालवायचं आणि आतलं राखायचं.

वरचं पाणी

एक ग्रॅम पाणी 30 अंश सेल्सिअसवरून 100 अंशांपर्यंत तापवायला 70 कॅलरी उष्णता लागते. त्याच पाण्याची वाफ करायला आणखी 540 कॅलरी लागतात. म्हणजे फोड वरून ओली असेल, तर विस्तवाची बरीचशी उष्णता वाफ करण्यातच खर्ची पडते आणि तोवर पृष्ठभाग 100 अंशांच्या आसपासच रेंगाळतो. मांसाला तांबूस रंग आणि खमंग वास देणारी अभिक्रिया मात्र साधारण 140 अंशांपुढे जोर धरते. अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातली ही अभिक्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामी मेयार यांनी 1912 साली मांडली. भाकरीवरचे डाग आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा वास हेही तिचंच काम.

म्हणून जाळीवर ठेवण्याआधी फोड टिपून कोरडी करावी. दह्याचा मसाला लावला असेल, तर निथळून जास्तीचा काढून टाकावा. तेलाचा हात मात्र जरूर द्यावा. तेलामुळे उष्णता पृष्ठभागावर सारखी पसरते.

विस्तव आणि अंतर

जाळीवरच्या मांसाला मुख्यतः निखाऱ्यांतून निघणारं प्रारण भाजतं. हे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतं, हे योझेफ श्टेफान यांनी 1879 साली दाखवलं. हिशेब करून पाहा: 800 अंशांवरचा निखारा 600 अंशांवर उतरला, तर त्याचं प्रारण निम्म्याहून कमी होतं. राख साचू दिली, वारा घालायचा राहिला की भाजणं एकदम मंदावतं ते यामुळेच.

कोळसा पेटल्या पेटल्या घाई करू नये. ज्वाळा शमून निखाऱ्यांवर पांढुरक्या राखेचा पातळ थर आला की विस्तव सारखा झाला असं समजावं. मग निखारे एका बाजूला दाट लावावेत आणि दुसरी बाजू रिकामी ठेवावी. दाट बाजूवर रंग आणायचा, रिकाम्या बाजूवर झाकण ठेवून आतपर्यंत शिजवायचं. मांस बदललं की या दोन बाजूंवरचा वेळ बदलायचा, इतकाच फरक.

ताजं मटण लगेच मऊ का होत नाही

सकाळी बोकड कापलेला आणि दुपारी मटण ताटात, ही आपल्याकडची पद्धत रश्श्याला चालते. कुकरमध्ये स्नायूंभोवतालचं कोलॅजन पाण्यात विरघळून त्याचं जिलेटिन होतं. निखाऱ्यावर तेवढा वेळही नसतो आणि तेवढं पाणीही नसतं.

जनावर कापल्यानंतर काही तासांत स्नायू ताठरतात. त्यांतली साठवलेली ऊर्जा संपते, लॅक्टिक आम्ल साचतं आणि सामू (pH) 7 च्या आसपासवरून 5.5 च्या जवळ उतरतो. या सामूला प्रथिनांची पाणी धरून ठेवण्याची ताकद बरीच कमी झालेली असते. त्याच अवस्थेतलं मटण जाळीवर गेलं, तर ते रस सोडतं आणि वातड होतं. पुढच्या दिवसाभरात स्नायूंतलीच विकरं तंतू सैल करतात. भाजायचं मटण आदल्या दिवशी आणून झाकून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं ते याचसाठी. नुकतंच कापलेलं मटण थेट फ्रीझरमध्ये टाकू नये. ताठरण्याआधी गोठलेला स्नायू वितळताना जोरात आखडतो आणि पाणी बाहेर टाकतो.

जाळीसाठी चाप किंवा पाठीचं मऊ मांस मागावं. रानाचे तुकडे घ्यायचे तर तंतूंना आडवे, पातळ कापावेत. कच्च्या पपईतलं पपेन तंतू तोडतं आणि 50 ते 70 अंशांच्या दरम्यान, म्हणजे मांस तापत असताना, फार वेगानं काम करतं. पण ते आत खोलवर शिरत नाही. रात्रभर पपई लावून ठेवली की वरचा थर पिठासारखा होतो आणि आतलं मांस आहे तसंच राहतं. लहान तुकड्यांना अर्धा-पाऊण तास पुरे.

खिमा, कोंबडी, चिलापी

रमजानच्या संध्याकाळी सोलापूरच्या विजापूर वेशीत सळईवर खिमा चढवणाऱ्या कारागिराचा हात पाहावा. मीठ घातलेला गार खिमा तो तळव्याने दाबून, ओढून इतका मळतो की बोटांना चिकटू लागतो. हा चिकटपणा म्हणजे मिठामुळे तंतूंतून बाहेर आलेलं मायोसिन हे प्रथिन. विस्तवावर त्याचं जाळं घट्ट होतं आणि त्यात पाणी व चरबी अडकून राहते. किलोभर खिम्याला 15 ग्रॅमच्या आसपास मीठ आणि पुरेशी चरबी असली, तर अंडं किंवा डाळीचं पीठ न घालताही कबाब सळई सोडत नाही. खिमा गरम झाला तर मळतानाच चरबी सुटते, म्हणून तो गारच हवा.

कोंबडीचे भाग वेगवेगळे वागतात. छातीत कोलॅजन थोडं असतं. 74 अंशांच्या पुढे गेली की ती कोरडी पडते. मांडीत ते जास्त असतं, म्हणून ती 80 अंशांपर्यंत गेली तरी रसरशीत लागते. दोन्ही एकदम चढवून एकदम उतरवू नयेत. छातीचे तुकडे आधी तासभर पाच-सहा टक्के मिठाच्या पाण्यात ठेवले, तर त्यांचं पाणी धरून ठेवण्याचं बळ वाढतं.

उजनी धरणातल्या चिलापीचं गणित आणखी निराळं. माशाचे स्नायू आखूड, आणि त्यांच्यामधलं कोलॅजन पातळ, कमी तापमानाला वितळणारं. त्यामुळे मासा पटकन शिजतो आणि पाकळ्यांसारखा सुटतो. तो जाळीला चिकटतो, कारण कच्ची प्रथिनं तापताना धातूशी बंध जोडतात. जाळी कडक तापलेली आणि तेल लावलेली हवी, कातडी कोरडी हवी. कातडी खरपूस झाली की मासा आपोआप सुटतो. त्याआधी उलथण्याची घाई केली की तो फाटतो.

करपणं आणि काळजी

टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातले ताकाशी सुगिमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली दाखवलं, की करपलेल्या मासळीत आणि मांसात जनुकांत बिघाड घडवणारी संयुगं असतात. स्नायूंतलं क्रिएटिन जास्त तापलं की ती तयार होतात. चरबी निखाऱ्यावर ठिबकून भडका उडाला, की धुरातून बेंझोपायरीनसारखी दुसरी घातक संयुगं मांसावर बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली लाल मांसाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं, तेव्हा अशा भाजण्याचाही विचार केला होता.

घाबरून शेगडी बंद करायची गरज नाही. काळे भाग कापून टाकावेत, भडका उडाला की मांस बाजूला सरकवावं आणि हे जेवण रोजचं करू नये. लसूण, हळद यांसारख्या मसाल्यांनी ही संयुगं कमी होतात असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. डाळिंबाच्या बियांचा अर्क मिसळलेल्या मांसाच्या गोळ्यांवर 2014 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातही कोळशावर भाजताना तसंच आढळलं. ज्या सोलापूर जिल्ह्यात डाळिंब पिकतं आणि केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथे हा विषय पुढे नेण्यासारखा आहे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात मसाला लावलेलं मांस तासाभरापेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जंतू भराभर वाढतात. मांस शिजलं का, हे रंगावरून कळत नाही. टोकदार थर्मामीटर सर्वांत जाड भागात खुपसावा. कोंबडी 74 अंश, खिमा 71, मासा 63, मटणाची सबंध फोड 63 आणि वर तीन मिनिटांचा विसावा.

शेवटची गोष्ट जिवाशी संबंधित आहे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि ज्वाळा विझून धूर थांबला तरी तो निघतच राहतो. पाऊस आला म्हणून, थंडी वाजते म्हणून धुमसती शेगडी घरात किंवा बंद बाल्कनीत आणू नका. निखाऱ्यांवर पाणी ओतून, राख हाताला गार लागेपर्यंत ती गच्चीवरच राहू द्या.