सिंधीतील विशेषण व क्रियाविशेषण : मराठीच्या संदर्भात एक विवेचन

सिंधी भाषेचा अभ्यास मराठवाड्यातील विद्यार्थ्याने का करावा, असा प्रश्न प्रथमदर्शनी कोणाच्याही मनात यावा. त्याचे उत्तर काही अंशी इतिहासात आहे. सिंध प्रांत १८४७ मध्ये मुंबई इलाख्यास जोडला गेला व १९३६ पर्यंत त्यातच होता. फाळणीनंतर निर्वासित झालेल्या सिंधीभाषकांची मोठी वस्ती कल्याण छावणीत झाली, आणि १९४९ मध्ये त्या छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले. मराठवाड्यातील बाजारपेठांतही सिंधी व्यापारी कुटुंबे स्थिरावली. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात येणाऱ्या यात्रेकरूंत नानकपंथी सिंधीही असतात. १९६७ मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने सिंधीचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला. तेव्हा ही भाषा आपल्याला परकी नाही.

तथापि प्रस्तुत लेखाचे प्रयोजन याहून निराळे आहे. मराठी व्याकरणात विशेषण हे सव्यय व क्रियाविशेषण हे अव्यय, अशी विभागणी आपण शालेय वयापासून पाठ करीत आलो. ही विभागणी कितपत टिकते, हे पाहावयाचे असेल तर मराठीला जवळची, परंतु मराठीहून पुरेशी भिन्न अशी भाषा शेजारी ठेवून पाहणे हितावह होय. सिंधी ही अशी भाषा आहे.

(१) लेखन व उच्चार यांविषयी दोन शब्द

सिंधी अरबी-फारसी वळणाच्या लिपीत व देवनागरीत अशी दोन्ही प्रकारे लिहिली जाते. कॅप्टन जॉर्ज स्टॅक याने १८४९ च्या आपल्या व्याकरणात देवनागरीचाच उपयोग केला होता; पुढे १८५३ मध्ये शासनाने अरबी वळणाची लिपी निश्चित केली. देवनागरीत लिहिताना ॻ, ॼ, ॾ, ॿ ही अधोरेखित अक्षरे वापरतात. त्यांचा उच्चार करताना श्वास आत ओढला जातो. दुसरी लक्षणीय गोष्ट अशी की, मराठीत व्यंजनान्त उच्चारले जाणारे शब्द सिंधीत अत्यंत ऱ्हस्व अशा स्वरात संपतात. ‘घर’ हा शब्द सिंधीत ‘घरु’ असा आहे, आणि तो पुल्लिंगी आहे. कारण सिंधीत नपुंसकलिंग नाही.

(२) विकारी विशेषण

सिंधीतील विकारी विशेषण पुल्लिंगी एकवचनात ओकारान्त असते : सुठो (चांगला), वॾो (मोठा), नंढो (लहान), कारो (काळा). त्याची सरळ रूपे अशी होतात :

सुठो छोकरो — चांगला मुलगा
सुठा छोकरा — चांगले मुलगे
सुठी छोकरी — चांगली मुलगी
सुठियूं छोकरियूं — चांगल्या मुली

किनवट किंवा मुखेडकडील तांड्यावरून आलेल्या विद्यार्थ्याला यांतील ओकार ओळखीचा वाटेल. कारण गोरमाटीतही पुल्लिंगी एकवचनाची खूण ओकार हीच आहे. मराठी भाषकाने मात्र ‘ओ’च्या जागी ‘आ’ व ‘आ’च्या जागी ‘ए’ असे मनाशी धरावे. सिंधीचे ‘सुठा’ हे रूप ऐकून एकवचनाचा भास होतो, तो येथेच होतो.

खरा भेद सामान्यरूपात दिसून येतो. मराठीत विभक्तिप्रत्यय वा शब्दयोगी अव्यय पुढे आले की विशेषणाची लिंगवचनाची सर्व रूपे एकवटून ‘मोठ्या’ असे एकच रूप राहते : मोठ्या मुलाला, मोठ्या मुलीला, मोठ्या घरात, मोठ्या घरांत. सिंधीत तसे होत नाही :

वॾे घर में — मोठ्या घरात
वॾनि घरनि में — मोठ्या घरांत
सुठीअ छोकरीअ खे — चांगल्या मुलीला

म्हणजे सामान्यरूपातही सिंधी विशेषण सामान्यतः आपले वचन व लिंग दाखविते. सर्वांना परिचित असलेले एक स्थलनाम येथे उदाहरणादाखल घेता येईल. ‘मोहेंजोदडो’ या नावाची प्रचलित व्युत्पत्ती ‘मुअनि जो दड़ो’ अशी आहे. ‘मुओ’ म्हणजे मेलेला. त्याचे अनेकवचनी सामान्यरूप ‘मुअनि’. आणि ‘दड़ो’ म्हणजे टेकाड. ‘मेलेल्यांचे टेकाड’ हा त्याचा अर्थ. यातील ‘जो’ हा आपल्या ‘चा’ प्रमाणे पुढील नामाशी जुळतो : जो, जा, जी, जूं. ‘छोकरे जो घरु’, परंतु ‘शहर जूं घिटियूं’ (शहरातील गल्ल्या). षष्ठीचे रूप वस्तुतः विशेषणासारखे वागते, हे मराठीच्या ‘चा-ची-चे’ वरून आपणास ठाऊक आहे. सिंधीत त्याला दुजोरा मिळतो.

(३) हा विकार कशासाठी?

विशेषणाचा विकार हा निव्वळ शोभेचा आहे काय? ‘घरु’ या नामाची रूपे पाहावीत. सरळ अनेकवचन ‘घर’ आणि एकवचनी सामान्यरूपही ‘घर’. शिवाय ‘घरु’ व ‘घर’ यांतील अन्त्य स्वर इतका ऱ्हस्व आहे की, अनभ्यस्त कानाला तो निसटतो. अशा वेळी वॾो घरु, वॾा घर, वॾे घर में या रूपांत नामाचे वचन व विभक्ती यांचा निर्णय विशेषणावरूनच होतो.

मराठीतही हेच घडते, पण ते आपल्या सहसा ध्यानात येत नाही. ‘बैल’, ‘दगड’, ‘देव’ या नामांचे एकवचन व अनेकवचन एकच. ‘काळा बैल’ व ‘काळे बैल’ यांत वचन सांगण्याचे काम केवळ विशेषण करते. प्रत्यय लागला की ‘बैलाला’, ‘बैलांना’ असे नामच बोलके होते आणि विशेषण ‘काळ्या’ या एका रूपावर विसावते. मराठीने काम वाटून घेतले आहे, तर सिंधीत नाम व विशेषण दोघेही भार वाहतात, असे म्हणावयास हरकत नाही.

दोन्ही भाषांत अविकारी विशेषणेही आहेत. मराठीतील लाल, हुशार, सुंदर, कडू ही त्या प्रकारची. सिंधीतही फारसी-अरबीतून आलेली बरीच विशेषणे अविकारी राहतात. आपल्या सीमेवर, म्हणजे देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि उदगीर-निलंग्याकडे कन्नड ऐकावी, तर तेथे नामापूर्वीचे विशेषण लिंगवचनाप्रमाणे बदलतच नाही : तेलुगूत ‘पेद्द इल्लु’ तसेच ‘पेद्द ऊरु’, कन्नडमध्ये ‘दोड्ड मने’ तसेच ‘दोड्ड ऊरु’. तेव्हा विकार हे विशेषणाचे लक्षण असू शकते, पण त्याची व्याख्या होऊ शकत नाही.

(४) तुलना

तरतमभाव दाखविण्यासाठी सिंधी विशेषणाला प्रत्यय लावीत नाही. ज्याच्याशी तुलना करावयाची त्या नामापुढे ‘खां’ ठेवते : ‘हीउ घरु हुन घर खां वॾो आहे’, म्हणजे हे घर त्या घराहून मोठे आहे. सर्वाधिक्य ‘सभ खां वॾो’ असे. हा ‘खां’ पंचमीचा वाचक होय. मराठीतील ‘हून’ हाही पंचमीचाच प्रत्यय. ‘पेक्षा’ने त्याचा बराच प्रांत व्यापला असला तरी ‘त्याहून मोठा’ ही रचना आजही जिवंत आहे, आणि तीच सिंधी रचनेची खरी सोबतीण आहे.

(५) क्रियाविशेषणे

सिंधीतील स्थलवाचक व कालवाचक क्रियाविशेषणे सर्वनामांच्या मूळांपासून बनलेली आहेत : हिते (इथे), हुते (तिथे), किथे (कुठे), जिथे, तिथे, तसेच हाणे (आता), कॾहिं (केव्हा), जॾहिं (जेव्हा), तॾहिं (तेव्हा). यांत मराठी विद्यार्थ्याची हमखास फसगत करणारा शब्द ‘तिथे’ हा होय. मराठीत ‘तिथे’ दूरचे स्थळ दाखवितो आणि ‘जिथे… तिथे’ या जोडीतही येतो. सिंधीत तो मुख्यतः या जोडीसाठी आहे. दूरत्व दाखविण्यास ‘हुते’ हवा. याचे कारण सर्वनामांत आहे. मराठीचा ‘तो’ दर्शक आहे व ‘जो’चा जोडीदारही आहे, सिंधीत दर्शक ‘हू’ व ‘जो’चा जोडीदार ‘सो’ हे पृथक् आहेत.

रीतिवाचक शब्दांतही असाच एक भेद आहे. ‘तो कसा आहे?’ आणि ‘तो कसा आला?’ या दोन्ही वाक्यांत मराठी एकच ‘कसा’ वापरते; शिवाय दुसऱ्या वाक्यातही तो कर्त्याप्रमाणे बदलतो : ‘ती कशी आली?’ सिंधीत गुण विचारताना ‘कहिड़ो’ व रीत विचारताना ‘कीअं’ येतो. ‘कहिड़ो’ला कहिड़ी, कहिड़ा अशी रूपे आहेत, ‘कीअं’ मात्र ‘हू कीअं आयो?’ व ‘हूअ कीअं आई?’ या दोन्हींत स्थिर राहतो. सव्यय-अव्यय ही विभागणी येथे सिंधीला चपखल बसते आणि मराठीला बसत नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

नामापासून क्रियाविशेषण साधताना सिंधी ‘सां’ हा शब्दयोगी वापरते : ‘खुशीअ सां’ म्हणजे आनंदाने. मराठीचा ‘ने’ तेच कार्य करतो.

(६) सीमारेषेवरील शब्द

परंतु सिंधीतही सीमारेषा सर्वत्र स्वच्छ नाही. ‘पुष्कळ’ या अर्थी तेथे दोन शब्द आहेत. ‘तमामु सुठो’, ‘तमामु सुठी’ यांत ‘तमामु’ बदलत नाही (त्याचा अर्थ मराठीतील ‘तमाम’प्रमाणे ‘सगळा’ असा येथे घेऊ नये). उलट ‘ॾाढो सुठो’, ‘ॾाढी सुठी’ यांत ‘ॾाढो’ हा शब्द विशेषणाचे विशेषण असूनही लिंगाप्रमाणे बदलतो. मराठीत ‘फार मोठा वाडा’, ‘फार मोठी विहीर’ यांतील ‘फार’ स्थिर आहे. पण ‘बराच मोठा वाडा’, ‘बरीच मोठी विहीर’, ‘बरेच मोठे शेत’ यांतील ‘बराच’ विकारी आहे. त्याचप्रमाणे ‘हू अकेलो आयो’, ‘हूअ अकेली आई’ आणि आपले ‘तो एकटा आला’, ‘ती एकटी आली’ यांत शब्द कर्त्याशी जुळतो, तरी क्रिया कशी घडली हेही सांगतो.

यावरून असे दिसते की, शब्दाचे रूप व शब्दाचे कार्य या दोन स्वतंत्र कसोट्या आहेत. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून चालत आलेली शब्दजातींची परंपरा आदरणीय आहे. पण विद्यार्थ्याने ‘बराच’ किंवा ‘कसा’ या शब्दांपाशी थांबून ‘हे कोणत्या कसोटीवर ठरविले?’ असे विचारले पाहिजे.

शेवटी एक सूचना. सिंधी कुटुंबांतील तरुण पिढी घराबाहेर हिंदी व मराठीत वावरते. हिंदीत ‘बड़े शहरों में’ असे म्हणताना विशेषण अनेकवचन दाखवीत नाही, मराठीतही नाही. अशा सहवासात ‘वॾनि शहरनि में’ यातील ‘वॾनि’ टिकते की ‘वॾे’ हे रूप सर्वत्र पसरते, हा प्रश्न नांदेड वा लातूर येथील विद्यार्थ्याला आपल्याच शहरात, आजी व नातवंडे यांचे बोलणे एकाच घरात ऐकून तपासता येईल. त्यासाठी मोठ्या साधनसामग्रीची जरुरी नाही. प्रथम ‘वॾनि’ व ‘वॾे’ यांतील भेद कानाला कळला पाहिजे. हे काम आज हाती घेणे इष्ट होय. कारण जी पिढी ही रूपे सिंध प्रांतातून घेऊन आली, तिचे बोलणे ऐकण्याचा अवधी आता फार थोडा उरला आहे.