अपघाताच्या वाक्यातील कर्ता

दिनांक ४ एप्रिल २०२५ रोजी हिंगोली जिल्ह्यातील गुंज येथील मजूर स्त्रियांना हळदीच्या कामासाठी नेणारा ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात विहिरीत पडला व सात स्त्रिया मृत्यू पावल्या. ‘ट्रॅक्टर विहिरीत पडला’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु त्यात कर्ता वाहन आहे, वाहन चालविणारा नव्हे. अशा वाक्याचा जखमीच्या हक्काशी कोणता संबंध पोहोचतो, हे येथे पाहावयाचे आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ यात भरपाईचे दोन प्रमुख मार्ग आहेत. कलम १६६ खाली वाहनचालकाची हयगय सिद्ध करावी लागते. रकमेस मात्र ठराविक मर्यादा नाही. कलम १६४ खाली दोष कोणाचा हे पाहिले जात नाही. मृत्यूबद्दल ५ लक्ष व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लक्ष रुपये ठरलेले आहेत. पहिल्या मार्गास कर्ता असलेले वाक्य लागते, दुसऱ्यास त्यावाचून चालते. मात्र कलम १४९ मधील रीतीने ही ठरलेली रक्कम स्वीकारली, की कलम १६६ खालील अर्ज संपुष्टात येतो. म्हणून घाईने सही करणे इष्ट नव्हे.

डोंगरकड्यासारख्या गावातील माणूस ‘गाडी पलटी झाली’ असे सहज सांगून मोकळा होतो. फिर्यादीत मात्र वाहन कोण चालवीत होते, कसे चालवीत होते व आपण प्रत्यक्ष काय पाहिले, हे यावयास हवे. न पाहिलेले मुळीच येऊ नये. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर वाचून दाखविली पाहिजे व तिची प्रत विनामूल्य दिली पाहिजे. सहीपूर्वीचे ते वाचन लक्षपूर्वक ऐकावे. शेतात राबणाऱ्या स्त्रीच्या नावापुढे व्यवसाय म्हणून ‘घरकाम’ एवढेच लिहिले गेले, तर पुढे तिची मजुरी सिद्ध करणे जड जाते.

‘टक्के’ हा शब्दही असाच फसवा आहे. वैद्यकीय प्रमाणपत्रातील अपंगत्वाचे टक्के म्हणजे कमाईतील घटीचे टक्के नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणी २०१० साली स्पष्ट केले. पाय अधू झालेला कारकून व पाय अधू झालेला ऊसतोड मजूर यांची हानी सारखी नसते. तेव्हा जखमी नेमके कोणते काम करीत असे, हे पुराव्यात आले पाहिजे.

१ एप्रिल २०२२ पासून अर्जास अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत घातली गेली आहे. तिच्या वैधतेस न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी मुदतीतच अर्ज करणे शहाणपणाचे. जखमी जेथे राहतो, तेथील न्यायाधिकरणापुढेही तो करता येतो. अपघातस्थळी जाण्याचे कारण नाही.

अखेर एक शब्दभेद. आलेगावच्या दुर्घटनेनंतर पंतप्रधान साहाय्यता निधीतून मृतांच्या वारसांस प्रत्येकी २ लक्ष रुपये जाहीर झाले. ते ‘सानुग्रह’ साहाय्य होय. भरपाई हा हक्क होय. अनुग्रह देणाऱ्याच्या इच्छेवर असतो, हक्क मात्र मागावा लागतो. आणि मागणाऱ्याचे वाक्य पूर्ण असावे लागते.